गयाबाईचं तोंड

गयाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एसटीला शिव्या देत होती. ड्रायव्हरला नव्हे, कंडक्टरलाही नव्हे, खुद्द गाडीला. गाडी तेलगावच्या फाट्यावर थांबली नव्हती. धुरळा उडवत माजलगावकडे निघून गेली होती. आणि डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेतलेली एक उंच, काटक बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्या गाडीच्या टायरांपासून टपापर्यंत एकेका भागाचं तळपट चिंतत होती. मी नोकरीवर रुजू व्हायला आलेली, गावात कुणी ओळखीचं नाही, म्हणून तिलाच शाळेचा रस्ता विचारला. तिने शिवी मध्येच थांबवली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शाळंवर आलाव का? गाडी तर गेलीच, चला मपल्या मागं. मी तिथंच खिचडी करते."

दोन पावलं चालली, मग वळून, दिसेनाशा झालेल्या गाडीला उरलेली शिवी देऊन टाकली.

गाव फाट्यापासून बरंच आत. दोन्ही बाजूंना कापूस आणि ऊस. चालता चालता तिने मला गावातल्या निम्म्या लोकांची माहिती दिली, आणि तीत कुणाबद्दलही बरं काही नव्हतं. पुढे मला खोली मिळाली तीही तिच्याच गल्लीत, त्यामुळे शाळेत दिवसभर आणि घरी संध्याकाळी गयाबाईचा आवाज माझ्या कानावर असायचा. तिच्या शिव्यांत घाण कमी आणि कल्पना जास्त. तिच्या अंगणात शेळी सोडणाऱ्याला ती म्हणायची, "तुझ्या जावयाला तुझंच घर आवडो." उसनं नेलेलं पातेलं परत न देणाऱ्या बाईला म्हणायची, "तुझ्या लेकाच्या लग्नात आचारी पळून जावो." लोक रस्त्यात थांबून ऐकायचे, हसायचे. ज्याच्यावर तोंड सुटलेलं असे तो मात्र हसत नसे. एकदा गल्लीत नव्यानं आलेली एक सून हंडा तसाच टाकून रडत घरात पळाली, तेव्हा माझंही हसू आटलं.

तिचा नवरा ज्ञानोबा हा मुलखाचा शांत माणूस. गयाबाईचं सुरू झालं की तो टोपी चढवायचा आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा. मुलगा पुण्याकडे कंपनीत, मुलगी नांदती. घरात ही दोघंच.

आणि भिंतीला भिंत लावून तिची धाकटी जाऊ कौसा. दोघींचं वैर सगळ्या गावाला ठाऊक होतं. कारण न्हाणीचं पाणी. गयाबाईच्या न्हाणीचं पाणी उतारानं कौसाच्या अंगणात जायचं. कौसानं एकदा मातीचा बांध घातला, गयाबाईनं तो लाथेनं उडवला आणि वर जे बोलायचं ते बोलली. कौसाचं मूल जाऊन त्या वेळी थोडेच दिवस झाले होते. गयाबाई त्याच्यावर बोलली. काय बोलली ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या दिवसापासून कौसा तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. गयाबाई बोलून भांडायची, कौसा न बोलून. मला विचाराल तर कौसाचं भांडण जास्त भारी होतं.

एका वर्षी दिवाळीनंतर गयाबाई आणि ज्ञानोबा ऊस तोडायला पश्चिमेकडे गेले. आधीही कितीतरी वर्षं जात असत, मधे बंद केलं होतं. त्या वर्षी पाऊस नव्हता, पिकाचं काही खरं नव्हतं. शाळेतलं काम तेवढे महिने दुसऱ्या बाईनं केलं. पाडव्याच्या सुमाराला दोघं परत आली, आणि गल्लीत काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. दोन दिवस मला कळेना. मग लक्षात आलं, गयाबाईचा आवाज नाही. मला वाटलं आजारी आहे. बघायला गेले तर ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"बरं नाही का, गयाबाई?"

"बरी हाय की. लई बरी हाय."

"आवाज नाही आला दोन दिवस."

ती लाजली. गयाबाईला लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला सगळं सांगितलं.

"तिकडं आमच्या पाचटाच्या कोपीच्या शेजारी जालन्याकडची एक बाई होती, मार्था. तिच्या शेळीनं मपल्या परातीतलं मळलेलं पीठ खाल्लं. मी तिला दिवस मावळंपस्तोर बोलले. शेळीपासून सुरू केलं ते तिच्या आज्यापणज्यापस्तोर गेले. तिनं गुमान ऐकून घेतलं. मंग मला ताप भरला. उठाया येईना. ह्यांना उसाच्या फडात जाणं भाग. कोपीत मी एकलीच. तर ही मार्था दुपारची उन्हातून आली, पेज घेऊन. कपाळावर पट्ट्या ठिवल्या, हातपाय दाबले. रोज आली, बाई. मी उठून बसले तवा तिला इचारलं, मी तुला एवढं बोलले, तू कावून आलीस? तर ती म्हणली, 'मी येणारच न्हवते. मी येशूला म्हणलं, दुसरं कुणी धाड, ही बाई लई वंगाळ बोलती. तो म्हणला, न्हाई, तूच जा.'"

गयाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मला त्या येशूचं नवल वाटलं. मी त्याला वळखत बी न्हवते. आन् तो मपल्यासाठी एका बाईला नको नको म्हणताना धाडतोय. मंग मी मार्थाला म्हणलं, मला बी सांग त्याचं. ती रोज सांगायची, मी ऐकायची. आता मी त्याची हाय, बाई. ह्यांना बी सांगितलं. हे म्हणले, तुला बरं वाटतं ना, मंग झालं."

गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या एका खोलीत थोडी ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी जमत. माजलगावहून एक तरुण पास्टर मोटरसायकलवर येत. गयाबाई तिथे जायला लागली. उन्हाळा संपायच्या आत एका पहाटे धरणाच्या पाण्यात तिचा बाप्तिस्मा झाला. तिने मला बोलावलं म्हणून मी गेले होते, काठावर तिच्या चपला आणि कोरडं लुगडं सांभाळत बसले होते. पास्टरांनी तिला पाण्यात बुडवून वर काढलं, सगळ्यांनी गाणं म्हटलं, आणि ती थरथरत बाहेर आली. चेहरा असा की जणू कुणी तिला कडेवर घेतलं होतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"पाणी लई गार. खाली गेले तवा एक शिवी तोंडात आलती. ती तिथंच सोडून आले."

पण शिव्या एवढ्या सहज धरणात राहणाऱ्या नव्हत्या. रोज सकाळी तिला त्या नव्याने सोडाव्या लागत. शाळेत चूलवणापाशी ती धगीनं आणि धुरानं हैराण व्हायची, पोरं ताटं वाजवायची, एखादा रांगेत घुसायचा. तिचं तोंड उघडायचं, मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे, आणि पोरं गंमत बघायला श्वास रोखून उभी राहायची. मग ती आवंढा गिळायची आणि त्याच जुन्या आवाजात ओरडायची, "तुझं भलं होवो रे, मुड... तुझ्या घरात सुख नांदो." तो आशीर्वाद ऐकून पोरगं जे पळायचं ते थेट हापशापर्यंत. आमच्या गावात त्या वर्षी एकमेकांना धमकी द्यायची तर मुलं म्हणत, "गयामावशीला भलं करायला लावीन बरं."

ज्ञानोबा मला एकदा म्हणाला, "बाई, आधी ती शिवी द्यायची, मी पारावर जायचो. आता भलं होवो म्हणती, तरी बी पाय आपसूक पारावर जातेत. सवय मोडायला मला बी वेळ लागंल की."

पण हळूहळू आवाजही निवळला. एक दिवस पहिलीतल्या एका मुलीच्या हातून खिचडीचं ताट पडलं, आणि गयाबाई म्हणाली, "राहू दे, माय. भलं होवो तुझं." अगदी साधं, मऊ. सगळी रांग चकित होऊन तिच्याकडे बघत राहिली. ती स्वतःसुद्धा.

ती प्रार्थना करायची तेही बघण्यासारखं होतं. डोळे मिटून हात जोडणं तिला जमत नसे, हात सतत कामात. घरातल्या कर्त्या माणसाशी बोलावं तशी ती देवाशी बोलायची. तुरीच्या काड्या मोडत म्हणायची, "प्रभू, डाळ शिजंना. तुला काही घाई न्हाई, पण लेकरं आता सुटतील." डाळ शिजली की म्हणायची, "बघ, मनावर घेतलंस की होतंय."

सगळंच सोपं नव्हतं. नेकनूरला तिचा भाऊ होता. बहिणीनं देव बदलला म्हणून त्यानं त्या दिवाळीला तिला बोलावणं पाठवलं नाही. ती दिवसभर ओट्यावर बसून होती. दुसऱ्या दिवशी उठली, शेवचिवड्याची पिशवी घेतली आणि स्वतःच नेकनूरची गाडी धरली. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला भाऊ?"

"म्हणला, बोलवलं न्हवतं तरी आलीस. मी म्हणलं, तू बोलावणं इसरलास, मी भाऊ इसरले न्हाई. मंग वहिनीनं चहा केला, आन् तो मला गाडीपस्तोर सोडाया आला." मग म्हणाली, "पिशवी बी त्यानंच धरली."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला कौसानं शाळेत तक्रार केली. ती गयाबाईशी बोलत नसली तरी बाकीच्यांशी बोलायची. तिने चार बायांना सांगितलं, बायांनी नवऱ्यांना सांगितलं, आणि हेडमास्तरांपर्यंत गोष्ट आली ती अशी: गया खिचडीत मंतरलेलं पाणी घालते, लेकरांना आपल्या देवाच्या नादी लावायचा तिचा बेत आहे. दोनतीन पालकांनी मुलांना जेवायला बसू देणं बंद केलं. काम जाण्याची वेळ आली. हेडमास्तरांनी शाळेच्या व्हरांड्यात पालकांची बैठक बोलावली.

सगळं गाव जमलं होतं. खरं सांगायचं तर निम्मे लोक खिचडीसाठी नव्हे, गयाबाईचं तोंड आज सुटणार या आशेनं आले होते. कौसा फाटकापाशी पदर तोंडाला लावून उभी होती. गयाबाई हात पुसत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

हेडमास्तर चाचरत म्हणाले, "गयाबाई, तुम्ही खिचडीवर काही म्हणता असं लोकांचं म्हणणं आहे."

"म्हणते की."

मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

"काय म्हणता?"

"प्रभू, तांदळातला खडा मला दिसू दे. आन् कुण्या लेकराला चटका बसू देऊ नको."

कुणीतरी मागे हसलं. समोर बसलेले एक म्हातारे बागायतदार, गावात त्यांच्या शब्दाला मान, त्यांनी विचारलं, "आन् पाण्याचं काय?"

"पाणी हापशाचं हाय, बप्पा. उद्यापून तुमी हापसून द्या, मी हातच लावत न्हाई."

आता सगळेच हसले. गयाबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "लेकरांना मी मपल्या देवाचं काही सांगत न्हाई. आईबापानं त्यांना शिकाया आन् खाया धाडलंय, मी खाया घालते. ज्याला इचारायचं त्यानं मपल्या वट्ट्यावर यावं, तिथं मी समदं सांगीन. हितं न्हाई. येवढं मी समद्यांसमोर कबूल करते."

बप्पा काठी टेकत उठले. "हिनं शिव्या सोडल्या, गाव निवांत झालं. आता प्रार्थना बी सोडाया लावून तुमाला काय पुन्ना त्या शिव्या पाहिजेत का?"

बैठक मोडली. दुसऱ्या दिवशी सगळी मुलं जेवायला बसली. बप्पा खरोखरच हापशावर येऊन दोन बादल्या पाणी काढून गेले, आणि वर म्हणाले की पाणी चांगलं आहे.

मला वाटलं गयाबाई खूश असेल. मधल्या सुट्टीनंतर गेले तर ती चूलवणापाशी बसून रडत होती. मी म्हटलं, "आता काय झालं? तुम्ही जिंकलात की."

"बाई, ती फाटकापाशी उभी होती ना कौसा. मी तिला बघितलं, आन् मपल्या पोटात जे काही उठलं..." तिने पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तोंडातली शिवी गेली. पोटातली हाय अजून. मला वाटलं आपण लई सुधारलोत. कशाचं काय."

त्या रविवारी पास्टरांनी बायबलमधला एक भाग वाचला आणि समजावून सांगितला: आपलं कुणाशी वाकडं असेल तर आधी त्याच्याशी समेट करावा, मग देवापुढे यावं. मी तिथे नव्हते, पण जे झालं ते दुपारपर्यंत गल्लीत पोहोचलं. पास्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गयाबाई उठली, चपला घातल्या आणि निघाली. पास्टर म्हणाले, "गयाबाई, प्रार्थना राहिलीय." ती म्हणाली, "तुमीच म्हणलाव ना आधी जा म्हणून," आणि गेली.

ती थेट कौसाच्या दारात. कौसानं तिला येताना बघितलं आणि दार लावून घेतलं. गयाबाई बंद दाराशी बोलली. गल्लीतल्या बाया भिंतीआडून ऐकत होत्या, त्यांनी मला सांगितलं. ती म्हणाली, "कौसा, तुपलं लेकरू गेलं तवा मी जे बोलले ते देवानं बी ऐकलं आसंल. मला माफ कर." आतून काहीच आलं नाही. त्याच दिवशी तिने कुदळ घेतली आणि न्हाणीचं पाणी वळवून आपल्याच परसात घेतलं. ज्ञानोबा मदतीला आला. कौसानं खिडकीतून बघितलं आणि खिडकीही लावली.

पुढच्या रविवारी गयाबाई उपासनेला गेली, पण आत गेली नाही. पत्र्याच्या खोलीबाहेर एका दगडावर, भिंतीला पाठ लावून बसली. पास्टर बाहेर आले. "आत या, गयाबाई. देवानं तुम्हाला क्षमा केलीय."

"त्यानं केली हो, ठावं हाय मला. पण कौसा अजून बोलली न्हाई."

"ती बोलेल न बोलेल, तुम्ही तुमचं केलंत."

"मंग मी वाट बघते. तुमी करा सुरू."

आणि ती तिथूनच गायली. आत बसलेल्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. ताल धरायला तिच्याजवळ काही नव्हतं, ती पत्र्यावर बोटं वाजवायची, आणि आतल्या ढोलकीवाल्याला तिच्या मागून जावं लागायचं.

असं तिनं किती रविवार केलं याचा हिशेब मी ठेवला नाही. पावसाळा गेला, सुगी गेली, थंडी आली. ती दर शनिवारी संध्याकाळी कौसाच्या दारात जाऊन तेच बोलायची आणि दर रविवारी दगडावर बसायची. पाऊस असला की ज्ञानोबा छत्री घेऊन तिच्या शेजारी उभा राहायचा. तो ख्रिस्ती झालेला नव्हता. त्याला कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी उपासनेला न्हाई आलो, बायको भिजंल म्हणून आलोय." पण उभ्या उभ्या त्याला सगळी गाणी पाठ झाली होती.

मी तिला एकदा म्हटलं, "गयाबाई, हे जरा जास्तच नाही का?"

"आसंल की," ती म्हणाली. "पण मार्थाला तरी मपल्याकडं कुठं यायचं होतं?" आणि हसली. तिला त्या दगडावर बसून दुःख होत नव्हतं, हेच मला समजत नसे. ती तिथे अशी बसायची जशी बाई माहेरच्या गाडीची वाट बघत फाट्यावर बसते. गाडी येणार याबद्दल शंका नाही, उशीर तेवढा.

गावात मात्र बोलणं वाढलं. पिठाच्या गिरणीत, हापशावर, सगळीकडे लोक कौसाला म्हणायला लागले, "अगं बोल की तिच्याशी. म्हातारी थंडीत कुडकुडत बसती." कौसाला ते सहन होईना. नाताळाच्या आधीच्या रविवारी ती घरातून निघाली ती तरातरा त्या पत्र्याच्या खोलीकडे. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिचा चेहरा बघून मी कपडे टाकले आणि मागे गेले. माझ्यामागे निम्मी गल्ली.

गयाबाई शाल पांघरून दगडावर बसली होती. आत पास्टर बोलत होते. कौसा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

"कावून बसतीस गं अक्का हितं? मपली बदनामी करायला? समदं गाव मला नावं ठिवतंय. मी काय तुला बाहेर बसाया सांगितलं व्हतं? तुपलं तोंड जळो, तुपली शाल जळो, तुपला ह्यो दगड जळो..."

आत पास्टर थांबले. पत्र्यातून सगळं ऐकू जात होतं. कौसा बोलत राहिली. त्या मुलाचंही बोलली. ते बोलताना तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. गयाबाई खाली मान घालून ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. शेवटी कौसाचा दम संपला. ती नुसती उभी राहिली, धापा टाकत.

गयाबाईनं मान वर केली. "कौसा, तू बोललीस."

"मंग? शिव्या दिल्या मी तुला."

"दे की. पण बोललीस. आन् अक्का म्हणलीस."

कौसा गोंधळली. आपण काय म्हटलं ते तिला आत्ता ऐकू आलं असावं. तिचा हात आपोआप तोंडावर गेला. गयाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली, पत्र्याच्या दाराकडे तोंड करून तिने मोठ्यानं सांगितलं, "पास्टर, कौसा बोलली हो. आता मी येते आत." आतून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि ढोलकीवाल्यानं विचारल्याशिवायच ढोलकीवर थाप मारली.

तिने कौसाचा हात धरला. कौसानं ओढून घेतला नाही, पण पायरीशी अडून म्हणाली, "मी तुपल्या देवाला हात जोडणार न्हाई. आधीच सांगते."

"नको जोडू. त्याला घाई न्हाई. थंडी हाय, आत बस जरासीक."

कौसा दाराजवळ बसली, पाठ अर्धी बाहेर. गयाबाई तिच्याशेजारी. त्या दिवशी गयाबाई काय गायली असेल ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की ज्ञानोबा, जो छत्रीशिवाय आला होता आणि ज्याला तिथे थांबायला काही कारण उरलं नव्हतं, तो खोलीच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसला आणि गाणी म्हणायला लागला. पुढच्या वर्षी त्याचाही बाप्तिस्मा झाला. तेव्हा चपला सांभाळायला मी आणि कौसा दोघी होतो.

कौसा ख्रिस्ती झाली नाही. तिचा देव्हारा होता तिथेच राहिला, आणि गयाबाईनं कधी त्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. पण वळवलेल्या पाण्यावर गयाबाईच्या परसात अळू माजलं होतं, आणि त्याच्या वड्या कौसाच्या घरी व्हायच्या, कारण गयाबाईच्या हाताला अळूवडी जमत नसे आणि कौसा तसं तिला तोंडावर सांगायची. आता दोघी रोज बोलत. भिंतीवरून, दिवसभर, अखंड. ज्ञानोबा कधीकधी टोपी चढवून पुन्हा पारावर जायचा.

माझी बदली बीडला झाली. गाव सुटलं. फोनवर कधीमधी खबर कळायची. शाळेतलं काम सोडल्यावर गयाबाईनं नवंच काम काढलं होतं. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बाया, ज्यांना मोतीबिंदू झालाय आणि दवाखान्यात नेणारं कुणी नाही, त्यांना गोळा करून ती बीडला डोळ्यांच्या ऑपरेशनला घेऊन यायची. कोणती बाई कोणत्या जातीची, कोणत्या देवाची, ती विचारायची नाही. दोन दिवस त्यांच्याजवळ राहायची आणि घरी पोचवून यायची.

मागच्या हिवाळ्यात मी बीडच्या बसस्टँडवर होते. माजलगावची गाडी लागली होती, सुटायच्या बेतात. आतून तो आवाज आला. इतक्या वर्षांनंतरही मला वळून बघावं लागलं नाही, तरी मी वळले. खिडकीशी गयाबाई बसली होती. केस पार पांढरे, चेहरा सुकलेला, डोळे तेवढे तसेच. तिच्याबरोबर चारपाच म्हाताऱ्या, सगळ्यांच्या एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारी कौसा, तिच्याही डोळ्यावर पट्टी. गयाबाई सगळ्यांना बाहेर काय दिसतंय ते सांगत होती.

"हे बघा, केळीवाला हाय, केळी जरा काळी पडलीत, घेऊ नका. तिकडं एक पोलिस हाय, त्याला झोप आलीय. आन् ही बघा..." तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "आन् ही आमच्या शाळंची बाई. निळं लुगडं नेसलीय. लई गोड दिसती. जरा जाड झालीय."

"मला एका डोळ्यानं दिसतंय की," कौसा म्हणाली.

"त्या डोळ्यानं तू आजपस्तोर काय बघितलंस, कौसा? मी सांगते ते ऐक."

म्हाताऱ्या हसल्या. मी खिडकीजवळ धावले, हात वर केला. गयाबाईनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "भलं होवो, माय." गाडी हलली. चार पावलं मी बरोबर चालले, मग मागे राहिले. गाडी स्टँडच्या दारातून वळली तेव्हाही तिचा आवाज ऐकू येत होता. ती त्यांना रस्ता सांगत होती.